भविष्याची वर्गणी

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर विज्ञानकथा गेली अनेक दशके नांदत असली, तरी तिचे तेथील वास्तव्य बराच काळ आश्रिताचे होते. कौटुंबिक नाट्ये, विनोदी प्रहसने आणि पोलिसी तपासकथा यांच्या पंक्तीत तिला पाट मिळे तो शेवटचा, आणि वाहिनीच्या चालकांनी जमाखर्चाची वही उघडली की उठवले जाई ते प्रथम तिलाच. गेल्या दहा-बारा वर्षांत ही स्थिती पार पालटली आहे. आज कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेचे दालन उघडावे, तर काळप्रवासी, परग्रहवासी, विचार करणारी यंत्रे आणि ओसाड झालेली पृथ्वी यांची तेथे इतकी दाटी असते की, एकेकाळी आठवड्याच्या एका भागासाठी ताटकळणारा प्रेक्षक आता काय पाहायचे नाही याचीच यादी करू लागला आहे. प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय ही दाटी हाच असून, तीतील निवडक मालिकांचे परीक्षण पुढील लेखांत आले आहे. ही विपुलता उपजली कशातून आणि तिने विज्ञानकथेचे हित साधले की अहित, याचा विचार मात्र आरंभीच करून टाकणे इष्ट होय; कारण त्यावाचून एकेका मालिकेची स्तुती वा निंदा ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट ठरेल.

विज्ञानकथेचे मर्म अंतराळयानांत किंवा यंत्रमानवांत नाही. एखादे गृहीत मांडावे, ते एकदा मांडल्यावर त्याच्याशी प्रतारणा करू नये आणि त्यातून जे जे निष्पन्न होईल ते कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता शेवटपर्यंत दाखवावे, हा या प्रकाराचा धर्म आहे. चमत्कृतिकथेत लेखकाला मध्येच नवा वर देता येतो. विज्ञानकथेत ती सवलत नाही. म्हणूनच अन्य कोणत्याही कथाप्रकारापेक्षा विज्ञानकथेला दोन गोष्टींची गरज अधिक असते: परिणामांचा विस्तार करण्यास अवकाश, आणि तो विस्तार आटोपता येईल असा शेवट. स्ट्रीमिंगने यांपैकी पहिली गोष्ट मुक्तहस्ताने दिली आणि दुसरी वारंवार हिरावून घेतली, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे.

पूर्वीची व्यवस्था कशी होती ते प्रथम पाहू. रॉड सर्लिंग यांची ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका १९५९ साली अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि पाच पर्वांत तिचे १५६ भाग झाले. प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र होती. वर्णविद्वेषासारख्या प्रश्नांवर सरळ लिहिलेल्या नाटकांत जाहिरातदार ढवळाढवळ करतात, हा अनुभव गाठीशी असल्यामुळे जे माणसांच्या तोंडून वदवता येत नाही ते परग्रहवासीयांच्या तोंडून वदवावे, ही युक्ती सर्लिंग यांनी अवलंबिली. ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखविला, आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली असल्याने जगाचे चित्त ठिकाणावर नव्हते, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागापूर्वी पहिला भाग पुन्हा दाखविण्याची पाळी आली. ‘स्टार ट्रेक’ एनबीसीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी अवतरली. दुसऱ्या पर्वानंतर ती बंद होणार अशी वार्ता पसरताच चाहत्यांनी पत्रांचा वर्षाव करून तिला तिसरे पर्व मिळवून दिले खरे, पण १९६९ मध्ये ७९ भागांनंतर ती बरखास्त झालीच. तिची खरी कीर्ती त्यानंतरची, स्थानिक केंद्रांवरील पुनःप्रक्षेपणांतून झालेली.

यांतील दोन्ही अमेरिकी मालिकांची घडण तत्कालीन व्यापाराच्या नियमांनी ठरविली होती. वाहिनीचे उत्पन्न जाहिरातींचे. जाहिरातदार पैसे मोजणार ते अमुक संध्याकाळी अमुक वाजता किती लाख माणसे पडद्यापुढे बसली याचे. शिवाय एखादा भाग चुकलेल्या प्रेक्षकाची पुढच्या आठवड्यात पंचाईत होऊ नये आणि पुनःप्रक्षेपणाच्या वेळी भाग कोणत्याही क्रमाने लावता यावेत, म्हणून प्रत्येक भागाच्या अखेरीस सर्व काही पूर्वस्थितीवर आणून सोडण्याचा प्रघात पडला. ‘स्टार ट्रेक’मधील कप्तान कर्क यांच्या जहाजाने एखाद्या ग्रहावरील सबंध समाजव्यवस्था उलथवून टाकली, तरी त्या ग्रहाचे पुढे काय झाले याची चौकशी बहुधा होत नसे. परिणामांचा शोध हाच ज्या प्रकाराचा प्राण, त्याला परिणाम विसरण्याची सक्ती असावी, ही विसंगती लेखकांना जाणवत नसेल असे नाही. परंतु इलाज नव्हता. झालेल्या कामाची कदरही इतकी अल्प की, ‘डॉक्टर हू’च्या १९६०च्या दशकातील अनेक भागांच्या फिती बीबीसीने स्वतःच पुसून टाकल्या.

हा हिशेब बदलला तो वर्गणीमुळे. नेटफ्लिक्स ही कंपनी १९९७ साली स्थापन झाली ती टपालाने चित्रपटांच्या तबकड्या भाड्याने देण्यासाठी. २००७ मध्ये तिने इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला, २०१३ मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्स’पासून स्वतःच्या मोठ्या निर्मितीचा धडाका लावला, आणि जानेवारी २०१६ मध्ये भारतासह १३० देशांत एकाच वेळी आपला अंमल पसरविला. त्याच वर्षीच्या जुलैत तिची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आली. ऑक्टोबरात एचबीओची ‘वेस्टवर्ल्ड’ आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲपल आणि डिस्ने यांनी आपापल्या सेवा सुरू केल्या, आणि दोघांनीही पहिल्या दिवसापासून विज्ञानकथेवर भिस्त ठेवली: एकीने ‘फॉर ऑल मॅनकाइंड’वर, जिच्यात चंद्रावर प्रथम सोव्हिएत रशियाचा माणूस उतरतो, आणि दुसरीने ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील ‘द मँडलोरियन’वर.

वर्गणीवर चालणाऱ्या सेवेला मंगळवारी रात्री नऊ वाजता किती जण जागे होते याच्याशी कर्तव्य नसते. वर्गणीदार आला का आणि टिकला का, एवढेच तिला पाहायचे असते. विज्ञानकथेचा प्रेक्षक कोणत्याही एका शहरात मूठभर असेल, पण तो निष्ठावंत असतो, आणि शंभर देशांतील अशा मुठी एकत्र केल्या की त्यांची फौज होते. ही कथा घडते ती बहुधा कोणाच्याच मायदेशात नाही. त्यामुळे ती परभाषेत ध्वनिमुद्रित केली तरी उपरी वाटत नाही. त्यातच आसिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’सारख्या विख्यात कादंबऱ्यांचे हक्क घ्यावेत, म्हणजे वाचकांचा तयार समुदायही हाती लागतो, हे व्यापाऱ्यांनी हेरले. पूर्वी ज्या दृश्यांचा खर्च केवळ चित्रपटालाच झेपत असे, ती संगणकाने मालिकेच्या आवाक्यात आणली. ‘द मँडलोरियन’च्या चित्रीकरणासाठी सुमारे २० फूट उंचीची आणि ७५ फूट व्यासाची अर्धवर्तुळाकार प्रकाशभिंत उभारली गेली, तिच्यावर वाळवंट उमटे आणि कॅमेरा हलला की त्या वाळवंटाचा दृक्कोनही हले, त्यामुळे नटाच्या शिरस्त्राणावर पडणारे क्षितिजाचे प्रतिबिंब नंतर रंगवावे लागत नसे. तात्पर्य, ही विपुलता विज्ञानप्रेमाच्या एकाएकी आलेल्या लाटेतून निर्माण झाली असे मानण्याचे कारण नाही. ती हिशेबातून निर्माण झाली. परंतु हिशेबातून जन्मलेले सर्वच वाङ्मय हिशेबी नसते.

याचा उत्तम दाखला म्हणजे ‘द एक्स्पान्स’. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांवरील ही मालिका २०१५च्या डिसेंबरात सायफाय वाहिनीवर सुरू झाली. तिचे गृहीत साधे आहे: मनुष्य मंगळावर आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात वसला आहे, पण पदार्थविज्ञानाने त्याला कोणतीही माफी दिलेली नाही. जहाज वेग घेत असेल तोवरच जमिनीवर पाय टेकतात. इंजिन थांबले की सर्व तरंगू लागते, आणि म्हणून तिथल्या जहाजांचे मजले इंजिनाच्या रोखाने एकावर एक रचलेले असतात. सीरिस या लघुग्रहाला गुरुत्वाच्या सोयीसाठी स्वतःभोवती वेगाने फिरवले आहे. तेथील एक पोलीस बाटलीतून पेल्यात मद्य ओततो, तेव्हा ती धार सरळ खाली न येता वळण घेऊन पेल्यात पडते. पात्रांपैकी कोणीही त्याविषयी अवाक्षर काढत नाही, कारण त्यांचा जन्मच तेथला. पुढे या एका भौतिक वस्तुस्थितीतून समाजशास्त्र उभे राहते: अल्प गुरुत्वात वाढलेल्या पट्टेकऱ्यांची हाडे पृथ्वीचा भार सोसू शकत नाहीत, त्यांचे पाणी आणि हवा दुसऱ्यांच्या कृपेवर अवलंबून असतात, आणि अवजड पोशाखात चेहरा दिसत नसल्याने त्यांनी हातवाऱ्यांची स्वतंत्र बोली घडविली आहे. शोषण, बंड आणि तह यांची जी कथा पुढे उलगडते, तिचे बीज त्या वाकड्या धारेत आहे. २०१८ मध्ये सायफायने ही मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी ॲमेझॉनच्या कचेरीवरून फलक लावलेले विमान फिरविले. ॲमेझॉनने ती उचलली, आणि २०२२च्या जानेवारीत सहाव्या पर्वाअखेर ती संपली. मूळ नऊ कादंबऱ्यांपैकी अखेरच्या तिघींना तिच्यात स्थान मिळाले नाही, तरी जेथे ती थांबली तेथे थांबण्यासारखी जागा होती.

‘डार्क’ ही जर्मन मालिका तर शेवटासहच जन्माला आली. बारान बो ओदार आणि यांत्ये फ्रीझे यांनी ती तीन पर्वांची योजिली होती आणि डिसेंबर २०१७ ते जून २०२० या मुदतीत तिन्ही पर्वे पुरी केली. अणुशक्तिकेंद्राच्या सावलीत वसलेल्या विंडन या गावात ३३ वर्षांच्या अंतराने, १९५३, १९८६ आणि २०१९ या सालांत, चार कुटुंबे एकमेकांच्या भूतकाळात शिरतात. काळात मागे जाता येते हे एकदा मान्य केले की नातेसंबंध, अपराध आणि पश्चात्ताप यांचे काय होते, याचा हिशेब ही मालिका अखेरच्या दिडकीपर्यंत चुकता करते. प्रेक्षकाला कागदावर वंशवृक्ष मांडून बसावे लागते, ही तिची अडचण नसून तिचा मान आहे. आठवड्याला एक भाग आणि मध्ये जाहिराती या जुन्या रिवाजात असली रचना तगलीच नसती.

विपुलतेचा दुसरा लाभ भौगोलिक आहे. भविष्यकाळ ही इंग्रजी भाषकांची मिरास नव्हे, हे ब्राझीलच्या ‘३%’ने २०१६ मध्ये आणि दक्षिण कोरियाच्या ‘द सायलेंट सी’ने २०२१ मध्ये दाखविले. लिऊ त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ या चिनी कादंबरीवर टेन्सेंट कंपनीने २०२३ साली ३० भागांची मालिका चीनमध्येच काढली, आणि पुढच्याच वर्षी नेटफ्लिक्सने तीच कथा बव्हंशी इंग्लंडात नेली. नेटफ्लिक्सची मालिका उघडते ती १९६६ साली, सांस्कृतिक क्रांतीत एका प्राध्यापकाला भर सभेत ठार मारले जाते त्या प्रसंगाने. चिनी मालिकेत तो काळ तितक्या उघडपणे येत नाही. वस्तुतः मानवजातीवरचा एका शास्त्रज्ञ स्त्रीचा विश्वास का उडाला, या प्रश्नाचे उत्तर त्याच प्रसंगात आहे. गृहीत एकच असताना कोणता देश त्यातील कोणती कडी सैल सोडतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

यांहूनही मनाला भिडणारे उदाहरण अर्जेंटिनाचे. एक्तोर खेर्मान ओएस्तेर्हेल्द यांनी लिहिलेली आणि फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ यांनी रेखाटलेली ‘एल एतेर्नाउता’ ही चित्रकथा १९५७ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. ब्युनॉस आयर्सवर विषारी बर्फ पडू लागतो, आणि पत्ते खेळत बसलेली काही सामान्य माणसे घरातल्याच सामानातून अंगभर पोशाख शिवून बाहेर पडतात. येथे एकटा वीरपुरुष नाही, तरतो तो समूह. पुढे लष्करी राजवटीत, १९७७ साली, ओएस्तेर्हेल्द बेपत्ता केले गेले. त्यांच्या चारही मुलींच्या वाट्याला तेच आले. ही कथा पडद्यावर आली ती २०२५ साली, स्पॅनिशमध्ये, त्याच शहराच्या रस्त्यांवर चित्रित होऊन. एका देशाची जखम जगभरच्या घरांत अशी पोहोचवण्याचे सामर्थ्य जुन्या प्रक्षेपणव्यवस्थेत नव्हते, हे स्ट्रीमिंगच्या कठोर टीकाकारानेही मान्य केले पाहिजे.

आता जमेकडून खर्चाकडे वळू. नवी सेवा मालिका सुरू करते ती नवा वर्गणीदार आणण्यासाठी. तिसऱ्या-चौथ्या पर्वाला नवे वर्गणीदार येत नाहीत, नटांचे आणि तंत्रज्ञांचे दर मात्र चढतात. सबब कथा मध्यावर आली असताना तिचा पुरवठा तोडणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. ‘डार्क’च्याच कर्त्यांनी तीन पर्वांच्या योजनेने आखलेली ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, अखेरच्या भागात तिने आपले खरे गृहीत उघड केले, आणि जानेवारीत ती रद्द झाली. म्हणजे प्रश्न मांडला गेला त्याच क्षणी उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. ‘वेस्टवर्ल्ड’चे कर्ते पाचव्या पर्वात कथा संपवू इच्छित होते, ती चौथ्यानंतर थांबविली गेली, आणि महिन्याभरानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, एचबीओने आधीची चार पर्वेही आपल्या सेवेवरून काढून घेण्याचे जाहीर केले. बीबीसीने फिती पुसल्या त्या जागेच्या आणि पैशाच्या टंचाईपोटी. येथे मजकूर शाबूत असून केवळ हिशेबाच्या सोयीसाठी प्रेक्षकाला बेदखल केले गेले. वर्गणीदार मालक नसतो, त्याची फक्त वहिवाट असते, ही गोष्ट त्या दिवशी अनेकांच्या ध्यानात आली.

प्रेमकथा अर्धवट राहिली तर प्रेक्षक हळहळतो. विज्ञानकथा अर्धवट राहिली तर ती विज्ञानकथाच राहत नाही, कारण ज्याचे परिणाम दाखविले नाहीत ते गृहीत म्हणजे केवळ एक थाप. अधिक वाईट हे की, लेखकही मग या अनिश्चिततेला अनुसरून लिहू लागतात: जे दोन तासांत सांगून होईल ते आठ भागांत ताणायचे, प्रत्येक पर्वाच्या शेवटी नवे रहस्य लटकवून ठेवायचे आणि उत्तर पुढच्या मंजुरीवर सोपवायचे. अमेरिकेत २०२२ साली लिखित संहितेच्या मालिकांची संख्या ५९९पर्यंत चढली आणि दुसऱ्याच वर्षी ५१६वर उतरली. त्याच २०२३ साली पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला, आणि त्यांच्या मागण्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर निर्बंध ही एक प्रमुख मागणी होती. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांवर विज्ञानकथेतील प्रसंग ओढवला, असा हा योग.

त्या संपाच्या ऐन भरात ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेचा ‘जोन इज ऑफुल’ हा भाग आला. एक सामान्य नोकरदार स्त्री संध्याकाळी घरी येऊन पडदा लावते, तर तिचाच गेला दिवस, तिच्या ऑफिसातल्या निष्ठुरपणासह आणि खासगी भानगडीसह, एका विख्यात नटीच्या रूपात जगासमोर चाललेला. ती वकिलाकडे धाव घेते तेव्हा कळते की सेवेच्या अटी न वाचता मान्य करताना तिने स्वतःच्या आयुष्याचा मक्ता देऊन टाकला होता. ही काल्पनिक सेवा दिसावयास नेटफ्लिक्सचीच प्रतिकृती असून, भाग दाखविला तोही नेटफ्लिक्सनेच. ‘सेव्हरन्स’ या मालिकेतही असाच पेच आहे: शस्त्रक्रियेने ज्यांच्या स्मृतीचे दफ्तरातील आणि घरातील असे दोन तुकडे केले आहेत असे कारकून दिवसभर संगणकावर ‘भीतिदायक’ वाटणारे आकडे वेचून पेट्यांत भरतात, कशासाठी ते त्यांना ठाऊक नसते; आणि नोकरशाहीवरील हा जळजळीत उपहास ॲपलसारख्या जगड्व्याळ कंपनीच्या पैशातून निघाला आहे. यात दांभिकता आहे असे कोणी म्हणेल. आमच्या मते, मालकाच्या पैशाने मालकाची झडती घेण्याची ही परंपरा सर्लिंग यांच्यापासूनची आहे, आणि ती चालू आहे तोवर या प्रकारात जीव आहे.

भारतापुरते पाहिले तर चित्र विरळ आहे. दूरदर्शनने १९८०च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ दाखविली, त्या दशकाच्या अखेरीस ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ काढल्या, १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. स्ट्रीमिंगच्या काळात ‘लैला’ (२०१९) आणि ‘ओके कॉम्प्युटर’ (२०२१) यांनी वाट चोखाळून पाहिली, पण ती रुळली नाही. विशेष असे की श्रमांत आपला वाटा मोठा आहे: मुंबईच्या प्राइम फोकसशी २०१४ पासून संलग्न असलेल्या डीनेग कंपनीने ‘फाउंडेशन’ मालिकेची दृश्ये घडविण्यात भाग घेतला, आणि अशा मालिकांच्या शेवटी सरकणाऱ्या नामावळीत मराठी आडनावेही आढळतात. कसब आहे, गृहीत मात्र दुसऱ्याचे.

आणि तरीही मराठी वाचक या प्रांतात नवखा नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. नावाच्या दबावावाचून तिची पारख व्हावी, हा हेतू, आणि ती पहिली आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा दिवाळी अंकांतून वाचलेल्या पिढीला एक शिस्त नकळत लागली आहे: आठ-दहा पानांत एकच गृहीत मांडायचे, ते तपासायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. कोट्यवधी डॉलरांच्या मालिकेला जे पुष्कळदा साधत नाही ते त्या दहा पानांना साधे. हा वाचक प्रेक्षक होऊन पडद्यापुढे बसला, तर त्याने दृश्यांच्या झगमगाटाने दिपून जाण्याचे कारण नाही.

प्रस्तुत संग्रहातील लेख याच शिस्तीने लिहिले आहेत. प्रत्येक मालिकेचे गृहीत प्रथम एका वाक्यात मांडले आहे. मग ते कोठवर पाळले, कोठे मोडले, आणि मोडले असल्यास दोष लेखकाचा की मंजुरी नाकारणाऱ्या कचेरीचा, याची छाननी केली आहे. अपुऱ्या राहिलेल्या मालिका वगळल्या नाहीत, कारण त्यांच्या अपुरेपणाचा इतिहास हाही या काळाचा दस्तऐवज आहे. त्यांतील काही उद्या कोणत्याच सेवेवर सापडणार नाहीत, तेव्हा निदान त्यांचे वर्णन तरी कागदावर असावे. सर्व मालिकांचा परामर्श येथे घेतलेला नाही, घेणे शक्यही नाही. मात्र एक कसोटी वाचकाच्या हाती दिली आहे आणि ती त्याने निःसंकोच वापरावी: या कथेने आरंभी जे कबूल केले ते शेवटी चुकते केले काय? भविष्यकाळाचे जे दर्शन आज घरोघर विकले जात आहे त्याचे मोल आपण दरमहा देतो, आणि ज्याने वर्गणी दिली त्याला हिशेब विचारण्याचा हक्क असतो. समीक्षा म्हणजे तो हक्क बजावणे.